सबलिमिनल ऑडिओ ऐकून सिगारेट सुटते का? पैसे भरून वापरलेल्या प्रोग्रॅमचा रिव्ह्यू

पाच महिने झाले, सिगारेट बंद आहे, आणि ज्यांना ज्यांना कळलं त्यातल्या निम्म्या लोकांनी विचारलं की तू ते सबलिमिनल ऑडिओ, म्हणजे आत ऐकू न येणारी वाक्यं लपवलेले ट्रॅक, रात्री कानात घालून झोपायचास त्याने सुटली का. म्हणून हे एकदा नीट लिहून टाकतो. ज्या कंपनीचा प्रोग्रॅम घेतला तिचं नाव घेत नाही, कारण या प्रकारचे प्रोग्रॅम विकणारे ढिगाने आहेत आणि मला जे सांगायचंय ते जवळपास सगळ्यांना लागू पडतं.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण त्याचा पुढे संबंध येणार आहे. मी नाटकांना साउंड देतो. एकोणीस वर्षं झाली. सिगारेट त्याच्याही तीन वर्षं आधीपासून. दिवसाला दहा-अकरा, दौऱ्यावर असलो तर पंधरापर्यंत. घरात कधीच नाही, गाडीत नाही, सगळं ओढणं नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी नाहीतर समोरच्या टपरीवर. आणि त्यातली सगळ्यात पक्की सिगारेट म्हणजे दुसरी घंटा झाली की तिसरी घंटा व्हायच्या आत मारलेली. गडकरीला असो, शिवाजी मंदिरला असो, पार्ल्याला दीनानाथला असो, दुसरी घंटा वाजली की माझा हात आपोआप खिशात जायचा. सकाळची सोडू शकायचो मी, जेवणानंतरचीही सोडली होती मध्ये एकदा, ही कधीच सोडता आली नाही.

तर एका रात्री प्रयोग संपवून दोन वाजता घरी आलो, झोप येत नव्हती, फोनवर जाहिरात दिसली. तीस दिवसांत सिगारेट बंद, कसलंही औषध नाही, इच्छाशक्ती लागत नाही, फक्त ऐका आणि झोपा. दोन हजार चारशे नव्व्याण्णव रुपये. मी त्याआधी चार वेळा सोडायचा प्रयत्न करून फसलेलो, आणि इच्छाशक्ती लागत नाही हे वाक्य चार वेळा फसलेल्या माणसाला कसं लागतं ते तसंच फसलेल्यालाच कळेल. घेतला.

मिळतं काय तर सहा ट्रॅक आणि एक पीडीएफ. पावसाचा एक, समुद्राच्या लाटांचा एक, दोन सिंथ पॅडवाले संथ म्युझिकचे, आणि दोन 'सायलेंट' म्हणजे ज्यात काहीच ऐकू येत नाही असे. सगळ्यांत म्हणे आतमध्ये वाक्यं लपवलेली आहेत, मी नॉन-स्मोकर आहे, मला धुराची किळस येते वगैरे, इतक्या हळू की कानाला कळत नाहीत पण अंतर्मनाला कळतात. रात्री झोपताना लूपवर लावायचे, दिवसा काम करताना सायलेंटवाले चालू ठेवायचे, तीस दिवस खंड पडू द्यायचा नाही.

पहिले नऊ दिवस मला खरंच फरक पडला. हे मी मुद्दाम आधी सांगतोय. अकरावरून सहावर आलो. झोप छान लागायला लागली. बायको म्हणाली, "अरे तुझा खोकला कमी झालाय," आणि मला इतकं भारी वाटलं की मी लाइट्सवाल्या मित्राला पण लिंक पाठवली. त्याचं मला आता वाईट वाटतं.

मग दौरा लागला, नाशिक करून पुढे खाली सांगलीपर्यंत, सहा दिवसांत पाच प्रयोग, बसमध्ये झोप, रात्री ट्रॅक लावले तरी दिवसाला चौदावर गेलो. सांगलीत प्रयोगाआधी भावे नाट्यमंदिराच्या बाहेर उभं राहून एकामागोमाग दोन ओढल्या आणि दुसरी ओढताना रडू यायच्या बेतात होतो. त्याच रात्री कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं की तुमचं मन रेझिस्ट करतंय, हे प्रगतीचं लक्षण आहे, तुमच्यासाठी ऍडव्हान्स पॅक आहे, चार हजारांचा. आणि पीडीएफमध्ये ठळक अक्षरात होतंच की प्रोग्रॅम चालू असताना निकोटीन गम किंवा पॅच वापरू नका, त्याने अंतर्मनाला उलटा संदेश जातो.

पीडीएफमधल्या ह्या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. पैसे गेले तर गेले, पण ज्या गोष्टीने लोकांची सिगारेट सुटते तीच घेऊ नका म्हणून सांगायचं हे फार वाईट आहे, आणि रिव्ह्यू लिहायचं खरं कारण तेच आहे.

आता साउंडचं. दौऱ्यावरून आल्यावर मी ह्या फाइल्स ऑडॅसिटी नावाच्या साउंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. मी हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, रोजचं काम आहे माझं, पण विश्वास ठेवायचा होता म्हणून केलं नाही.

आधी पावसाचा ट्रॅक घेतला. पाऊस म्हणजे आमच्या भाषेत जवळपास पूर्ण नॉइज असतो, खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम, आणि माणसाचं बोलणं झाकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पत्र्याच्या मंडपात प्रयोग चालू असताना पाऊस आला की नटाने कितीही ओरडू दे, शब्द खाल्ले जातात, मी फेडर वर नेऊन नेऊन थकतो. अशा वेळी मागच्या रांगेतून लोक काय करतात? "आवाज!" म्हणून ओरडतात. एकोणीस वर्षांत मला एकही प्रेक्षक भेटलेला नाही जो म्हणाला की मला एक वाक्य ऐकू आलं नाही पण नाटक माझ्या अंतर्मनाला कळलं. जे कानापर्यंत शब्द म्हणून पोचलंच नाही त्याचा अर्थ मेंदू कुठून लावणार? फिल्टर लावून पाहिले, डावा चॅनल उजव्यातून वजा करून पाहिला, गेन वाढवून पाहिलं, पाऊसच ऐकू आला.

आणि फाइल होती एमपीथ्री, १२८ केबीपीएसची. एमपीथ्रीमध्ये फाइल लहान कशी होते माहितीये का? मोठ्या आवाजाखाली दबलेला जो बारीक आवाज माणसाच्या कानाला तसाही कळणार नाही, तो शोधून त्याची माहिती उडवायची, निदान कमीत कमी ठेवायची. सगळं तंत्रच त्यावर उभं आहे. म्हणजे तुम्ही पावसाखाली लपवलेलं वाक्य, जे ऐकूच येऊ नये असं मुद्दाम ठेवलंय, ते सेव्ह करताना पहिल्यांदा कात्री त्यालाच लागणार. हे मी झोपायच्या आधी समजून घेतलं आणि मग मला झोप लागली नाही.

सायलेंटवाल्या ट्रॅकमध्ये मात्र काहीतरी होतं. स्पेक्ट्रोग्रॅम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, लावल्यावर १५ हजार हर्ट्झच्या आसपास एक पातळ पट्टा दिसला, त्याच्यावर १६ हजारानंतर सगळं काळं, कारण १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत तिथून वरचं बहुतेक कापलेलंच असतं. ही पद्धत जुनी आहे, बोललेला आवाज उचलून ऐकण्याच्या अगदी वरच्या टोकाला नेऊन ठेवायचा, १९९२ साली अमेरिकेत हिला पेटंटही मिळालंय. पण पेटंट म्हणजे गोष्ट चालते याचं सर्टिफिकेट नसतं. माझं वय पंचेचाळीस, टोन जनरेटर लावून कान तपासला तर १४ हजाराच्या वर मला काही ऐकू येत नाही, आमच्या धंद्यात तर हे होतंच आणि वयानेही सगळ्यांचंच वरचं ऐकू येणं कमी होत जातं. म्हणजे मी इतके दिवस एक अशी गोष्ट कानात घालून फिरत होतो जी माझ्या कानाच्या लेखी अस्तित्वातच नाही. तेरा वर्षांची भाची शेजारी बसली होती, स्पीकरवर लावल्याबरोबर म्हणाली, "मामा, बंद कर ना ते, कानात टोचतंय." तिला ऐकू येत होतं, पण काय, तर किरकिर. शब्द नाही. कान काही तो आवाज परत खाली आणून त्याचे शब्द करत नाही, ते काम मला सॉफ्टवेअरमध्ये करावं लागलं. केलं. तर एक बाई अमेरिकन इंग्लिशमध्ये म्हणत होती की आय ऍम फ्री, आय ब्रीद क्लीन एअर, हे पुन्हा पुन्हा.

मी बसून राहिलो. मला इंग्लिश समजतं, कामापुरतं बोलतो, पण सिगारेटची तलफ मला कधी इंग्लिशमध्ये आलेली नाही. ती "चल रे, एक मारून येऊ" अशीच येते.

मग ह्या सगळ्याचा इतिहास वाचायला घेतला. सबलिमिनलची जी गोष्ट सगळ्यांना माहितीये, ती अशी की १९५७ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका थिएटरात सिनेमा चालू असताना पडद्यावर क्षणभर कोक प्या, पॉपकॉर्न खा असं दाखवलं आणि विक्री वाढली. जेम्स व्हिकरी नावाच्या मार्केटिंगवाल्याने हे जाहीर केलं होतं, आणि त्यानेच १९६२ मध्ये एका मुलाखतीत कबूल केलं की हाताशी असलेली माहिती काहीही सिद्ध करायला फारच तोकडी होती, धंद्यासाठी केलेला तो प्रकार होता. इतकी वर्षं झाली तरी पॉपकॉर्नची गोष्ट सांगून प्रोग्रॅम विकले जातायत, माझ्या पीडीएफच्या दुसऱ्याच पानावर ती होती.

पण मला जास्त लागला तो १९९१ साली छापून आलेला प्रयोग. ग्रीनवाल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला, तो पण अमेरिकेतलाच. बाजारात मिळणाऱ्या दोन प्रकारच्या सबलिमिनल कॅसेट घेतल्या, एक स्मरणशक्ती वाढवणारी आणि एक आत्मसन्मान वाढवणारी, आणि अर्ध्या लोकांना लेबलं अदलाबदल करून दिली. म्हणजे वर लिहिलंय स्मरणशक्ती, आत आहे आत्मसन्मान. कंपनीने सांगितलं तसं महिनाभर ऐकायला लावलं. मोजमाप केल्यावर ज्या कॅसेटने जे व्हायला हवं ते काही झालेलं नव्हतं, सगळ्यांचंच सगळं थोडंथोडं सुधारलं होतं, कॅसेट कोणतीही असो. पण एक तृतीयांशापेक्षा जास्त लोकांना ठाम वाटत होतं की आपली तीच गोष्ट सुधारली जी लेबलवर लिहिली होती. हे वाचलं आणि मला माझे पहिले नऊ दिवस कळले. अकरावरून सहावर मीच आलो होतो. पैसे भरले होते, घरी सांगितलं होतं, रात्री अर्धा तास फोन बाजूला ठेवून शांत पडत होतो, आणि त्याचं श्रेय मी पावसाच्या ट्रॅकला देत होतो. त्यामुळे दौऱ्यावर घसरल्यावर मला हाताशी काहीच उरलं नाही, कारण मी स्वतः काय करत होतो ते मला माहितीच नव्हतं.

प्रयोगशाळेत सबलिमिनलचा थोडाफार परिणाम दिसलेला आहे हेही सांगायला हवं. आधीच तहान लागलेल्या माणसाला शब्द क्षणभर दाखवून तो जरा जास्त प्यायला वगैरे. पण ते बहुतेक डोळ्याला दाखवलेलं, परिणाम छोटा आणि थोड्या वेळापुरता. तिथून उडी मारून बावीस वर्षांची सिगारेट झोपेत सुटेल इथपर्यंत यायला मधे काही पूल नाही.

मग सुटली कशी ते सांगतो.

मी कायम सुट्या सिगारेटी घ्यायचो. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, तरी टपरीवर मिळतेच, मला रोज मिळत होती. बंदीचं कारण असं दिलं होतं की सुटी घेणाऱ्याला पाकिटावरची सूचना दिसत नाही, आणि माझ्या बाबतीत हे शब्दशः खरं निघालं. दौऱ्यावरून परतताना पहिल्यांदा पूर्ण पाकीट घेतलं, आणि त्यावर फोटोच्या खाली नंबर छापलेला, १८००-११-२३५६. सरकारी क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा, फुकट. २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर हा नंबर आहे आणि मी बावीस वर्षं ओढणारा माणूस तो आत्ता बघत होतो.

दोन दिवस लावायचा की नाही करत मग लावला. ज्या मॅडम बोलल्या त्या मराठीत बोलल्या, घाईत नव्हत्या, उपदेश एक शब्द नाही. विचारलं, "सर, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने घेता?" मी म्हटलं तासाभराने तरी. "आणि कोणती सोडायला सगळ्यात जड जाईल असं वाटतं?" मी दुसऱ्या घंटेचं सांगितलं. त्यांना नाटकातल्या घंटा माहीत होत्या! म्हणाल्या, मग आपण तयारी त्या पाच मिनिटांचीच करू. तलफ आली की ती काही मिनिटं टिकते आणि उतरते, तेवढी मिनिटं काढायची, पाणी प्यायचं, लांब श्वास घ्यायचा, हात कशाततरी गुंतवायचे, जागा सोडायची. तारीख ठरवायला लावली, मंगळवार ठरवला, प्रयोग नव्हता. नंतर त्यांचेच फोन आले, ठरल्या दिवशी पण आला. कुणीतरी फोन करणार आहे आणि आपल्याला खरं सांगायचंय, ह्याने इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं.

निकोटीन गम घेतला, दोन एमजीचा, केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतो. चार एमजीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, तो उठल्या उठल्या अर्ध्या तासात सिगारेट लागणाऱ्यांसाठी. आणि हा च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, मागे एकदा घेतला होता तेव्हा चावत बसलो, उचक्या लागल्या, घसा जळला, फेकून दिला. हळूहळू चावायचा, तिखट चुरचुर आली की गालात ठेवून द्यायचा, चुरचुर गेली की परत दोन-चारदा चावायचा, असं अर्धा तास. आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. आमच्याकडे चहाशिवाय काही चालत नाही, तेवढं शिकायला आठवडा गेला. सिगारेटचं निकोटीन दहा-वीस सेकंदांत डोक्यात पोचतं, गमचं हळू चढतं, त्यामुळे तलफ आल्यावर गम शोधण्यात अर्थ नाही, आधीच तोंडात हवा. मी पहिल्या घंटेलाच टाकायला लागलो.

पहिले तीन दिवस वाईट गेले, खोटं सांगणार नाही. चिडचिड, डोकं दुखणं, लक्ष लागेना, एका प्रयोगात एक साउंड क्यू, म्हणजे ठरलेल्या क्षणी द्यायचा आवाज, दोन सेकंद उशिरा गेला. दुसऱ्या आठवड्यापासून हलकं व्हायला लागलं. महिन्याभराने टपरीसमोरून जाताना आपण टपरी पाहिली नाही हे चार पावलं पुढे गेल्यावर लक्षात आलं.

ऑडिओचं म्हणाल तर मी एक स्वतःचा ट्रॅक केला. तानपुरा, आणि त्यावर माझ्याच आवाजात, व्यवस्थित ऐकू येईल असं, लपवलेलं काही नाही. पहिली घंटा झाली की गम तोंडात. दुसरी झाली की पाण्याची बाटली घेऊन प्रॉम्प्टरच्या बाजूला जायचं, मागच्या दाराकडे नाही. दौऱ्यावर बस थांबली की उतरल्यावर आधी बायकोला फोन. अशी सात वाक्यं. रात्री एकदा ऐकायचो आणि झोपायचो. किळस, स्वातंत्र्य, स्वच्छ हवा असलं एकही वाक्य नव्हतं त्यात, फक्त उद्या काय करायचं ते. ह्याचा मला उपयोग झाला आणि खर्च शून्य.

प्रोग्रॅमला पाचपैकी एक. तो एक झोपेसाठी, पावसाचं रेकॉर्डिंग चांगलं आहे. पण तसा पाऊस फुकट मिळतो. ज्यांना रात्री असं काही लावून शांत वाटतं त्यांनी जरूर लावावं, फक्त त्याच्या भरवशावर गम थांबवू नका, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या तर अजिबात थांबवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू सोडण्यासाठी पहिल्यांदाच उपचारांची मार्गदर्शक सूचना काढली, त्यात गम-पॅच, व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन, सिटिसिन ह्या गोळ्या आणि त्यासोबत समुपदेशन हे आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. हार्टचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर गमसुद्धा आधी विचारून. आणि ज्यांना सिगारेटबरोबर दारूचंही आहे त्यांनी एकट्याने झुंजत बसू नका, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय.

क्विटलाइनला पाचपैकी पाच. एकदा दुपारी लागला नाही, परत लावला तेव्हा लागला.

रिफंड मागितला होता, तीस दिवसांची गॅरंटी होती, पण त्यांचं म्हणणं पडलं की तुम्ही मधे सहा दिवस नीट ऐकलं नाही म्हणून लागू होत नाही. सोडून दिलं. लाइट्सवाल्या मित्राला मात्र त्याचे पैसे मी दिले, लिंक माझी होती. तो अजून ओढतो. गेल्या रविवारी डोंबिवलीला प्रयोगाआधी दुसऱ्या घंटेला माझ्याजवळ येऊन उभा राहिला, मागच्या दाराकडे गेला नाही, म्हणाला, "तुझ्याकडचा तो गम दे रे एक." मी आधी त्याला कसा चावायचा ते सांगितलं, गमची पट्टी केबलच्या पेटीत असते, तिथून काढून दिली, आणि तिसरी घंटा झाली.